नलू नर्सबाई झाल्यावर

मुंबई, ता. २५ नोव्हेंबर १९३४

सौ. केसरताईस, मामेबहीण नलूचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीहून परतल्यापासून हे तिसरं पत्र. बोंबील सुकवण्याच्या गडबडीत असशील, अशी दोनदा मनाची समजूत घातली. आता तीही घालता येत नाही. परीक्षा पास होऊन इस्पितळात कायमची जागा मिळाली, हे आधी तुला सांगायचं म्हणून मी रेवदंड्याला धावत आले, आणि तू चूल फुंकत बसलीस. गावच्या बाया नर्सबाई म्हणाल्या, ते मी चेष्टेवारी नेलं. पण तूही मला परक्यासारखं बसा म्हणालीस, तेव्हा मी दारातच उभी राहिले. माझं काय चुकलं?

तुझा चेहराही सुजल्यासारखा वाटला. आधीची दोन बाळं गेली, आता पुन्हा दिवस आहेत, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही. रागावून लिही, पण लिही.

तुझ्या मायेची वाट पाहणारी, नलू


रेवदंडा, ता. ९ डिसेंबर १९३४

चि. नलूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं काही चुकलं नाही, तेच तर अवघड आहे. कपाळ पुसून माहेरी आलीस तेव्हा तुला दोन घास मी भरवायची. सासूबाई तुला शुभकार्यात आत घेत नसत, तर मी भांडायची. तुझी कीव करताना मी मोठी असायचे, नलू. आता त्याच सासूबाई तुला पाट मांडतात आणि मला म्हणतात, बघ, पोरीनं कसं नाव काढलं. आनंद होतो गं, पण घास उतरत नाही.

सातवा सरत आला. पाय सुजलेत, डोकं ठणकतं, कालपासून डोळ्यांपुढं काजवे चमकतात. कळवणार नव्हते. पण तुझे भावजी म्हणाले, तू लिहीत नसलीस तर मीच बोटीनं मुंबईला जातो.

आहे तशीच, केसर


मुंबई, ता. १२ डिसेंबर १९३४

केसरताईच्या सासूबाई ती. नीराबाईंस शिरसाष्टांग नमस्कार. भावजींनी वाचून दाखवावे.

आजची बोट चुकली, म्हणून हे मालाच्या गलबतावरच्या खलाशाच्या हाती धाडते. केसरताईला आत्ताच्या आत्ता अलिबागेच्या इस्पितळात न्या. झटके येण्याचं भय आहे. देवऋषी बोलावून वेळ दवडू नका. उद्या मी तिथंच पोचते. माझी सावली नको असेल तर मी ओट्यावर बसेन, पण तिला न्या. पाया पडते.

आपली, नलू


रेवदंडा, ता. २७ जानेवारी १९३५

चि. नलूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मुलगी दूध ओढू लागली. रडते तेव्हा शेजारी जागे होतात. माझी नजर अजून धूसर आहे, अक्षर सांभाळून घे.

झटके आले ते मला आठवत नाहीत. सासूबाई सांगतात, उजेडानं झटके वाढू नयेत म्हणून इस्पितळात अंधार केलेल्या खोलीत तू माझं डोकं मांडीवर धरून बसलीस, आणि तुला आत घ्या असं डॉक्टरला त्यांनीच सांगितलं. आता बाजारात भेटेल त्याला आमच्या नलूनं वाचवली म्हणतात. मुलीला तुझंच नाव ठेवायचं म्हणत होत्या. मी नाही म्हटलं. त्या मला कृतघ्न म्हणाल्या. रोज हाक मारताना उपकारच आठवला, तर तू आठवायची नाहीस, हे त्यांना कसं समजावू? राही ठेवलंय.

शिमग्याला ये. कुणाचं दुखणं नसताना एकदा ये. नाडी बघू नकोस, औषध सांगू नकोस. मी नीट बोलेनच, असं वचन देववत नाही. भीती वाटते. पण बोट लागेल तेव्हा राहीला घेऊन धक्क्यावर उभी असेन.

राग येईल तेवढा येऊ दे, माया मात्र उणी करू नकोस.

तुझी केसर