टाकीतलं साधं पेट्रोल

प्रिय बाबा,

तुमची गाडी सुरू झाली. परवाच्या रविवारी, सकाळी साडेनऊला, कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या आवारात, सातव्यांदा दोरी ओढल्यावर. हे कळवायला पत्र लिहिते आहे असं म्हणणार होते, पण ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मी दहावीत असताना गाडी बंद पडली ती माझ्यामुळे. टाकीत साधं पेट्रोल मी ओतलं होतं. तेल न मिसळता.

झालं, लिहिलं एकदाचं! एवढं एक वाक्य लिहायला तेवीस वर्षं लागली.

तुम्हाला ती गाडी पहिल्यांदा दिसली तो दिवस आठवतो? जिनिंगच्या शेठच्या मुलाने परदेशातून आणलेली रिमोटची बग्गी, पेट्रोलवर चालणारी. त्याने ती आपटून आपटून पार खिळखिळी केली आणि शेवटी भंगारात टाकली. तुम्ही तिथले फिटर. रुईचं दाबयंत्र सोडून तुम्ही त्या भंगाराच्या ढिगाशी उकिडवे बसलात, आणि संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला बांधून ती घरी घेऊन आलात. आई म्हणाली, "आता हे काय नवीन सोंग?" तुम्ही म्हणालात, "सोंग नोहे, इंजिन हाय."

जेमतेम गुडघ्याएवढी उंची, पण आवाज मोटारसायकलचा. हमालीवरचे तेलुगू लोक तिला 'पेद्द बंडी' म्हणायचे, म्हणजे मोठी गाडी. तुम्ही तिचे मोडलेले पुढचे हात अॅल्युमिनियमची पट्टी कापून केलेत, टायरांच्या आत गादीचा फोम भरलात. हवेच्या जाळीत रुईचे तंतू अडकून इंजिन गुदमरायचं, म्हणून आईच्या जुन्या नायलॉन साडीची टोपी शिवून तिच्यावर चढवलीत. त्या साडीवरून आईने तुम्हाला आठवडाभर धारेवर धरलं होतं. अजून विषय निघाला की धरते.

तुमचा नियम होता, गाडी दहा मिनिटं चालवायची आणि तासभर पुसायची. टाकी रिकामी करायची, जाळी धुवायची, प्रत्येक स्क्रू आवळून बघायचा, कारण थरथरीने ते ढिले होतात. पेट्रोल मिसळायचं काम मात्र तुमचं एकट्याचं. लिटरभर पेट्रोलला खोकल्याच्या औषधाच्या मापाची चार झाकणं तेल. "मने, फवारणीच्या पंपासारखंच हाय इचं. तेल नाई देल्लं तं जाम होते," हे मी किमान शंभरदा ऐकलं असेल. तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पण बाबा, तुम्ही रिमोट कधी पुरता माझ्या हातात दिला नाहीत! माझ्या बोटांवर तुमची बोटं असायचीच. मला ती एकदा एकटीने चालवायची होती. तुम्ही दुसऱ्या पाळीला गेला होतात, आई भाजीला. तेलाची बाटली उलटी केली तर थेंब नाही. मनात म्हटलं, लोकांच्या मोटारसायकली चालतात की साध्या पेट्रोलवर! एवढ्याशाने काय होतंय? ओतलं.

काय पळाली म्हणून सांगू! मागच्या गल्लीत चार फेऱ्या मारल्या. मग आवाज चिरका झाला आणि बंद पडली. घाबरून मी दोरी ओढली, पुन्हा ओढली, पाय लावून ओढली. शेवटी दोरी जागच्या जागी अडकली. आत जाईना, बाहेर येईना. मी गाडी पुसली, जागेवर ठेवली आणि भूगोलाचं पुस्तक उघडून बसले.

तुम्ही आलात, दोरीला हात लावलात, टाकीचं झाकण काढलंत आणि परत लावलंत. म्हणालात, "थकली वाटते. राहू दे." दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर गेली. मला वाटलं, सुटले. मूर्ख कुठली!

कारण दरसाल खंडेनवमी येणार होती, हे मी विसरले.

आपल्या घरातली खंडेनवमी इतर घरांसारखी नव्हती. हत्यारांना हळदकुंकू सगळेच लावतात. तुम्ही जिनिंगमध्ये आणखी एक रीत पाडली होती, तीच घरी आणलीत. पूजा झाली की ज्याने त्याने आपल्या हत्यारावर हात ठेवून त्याच्याशी वर्षभरात केलेली एक चूक मोठ्याने सांगायची. आई मिक्सरला म्हणायची, "तुले ओल्या हातानं लावलं, माफ कर." तुम्ही पान्ह्याला म्हणायचात, "तुह्यानं हातोड्याचं काम केलं." आणि माळ्यावरून गाडी खाली आणून, पुसून, तिच्यापुढे नारळ ठेवून माझ्याकडे बघायचात. "मने, गाडीले काई सांगाचं हाय?"

"नाही," मी म्हणायचे, आणि कंपासपेटीवर हात ठेवून सांगायचे, करकटकाने बाकावर नाव कोरलं. पुढे स्कूटीला सांगितलं, सर्व्हिसिंग चुकवलं. नोकरी लागल्यावर लॅपटॉपला सांगितलं, चहा सांडला. दरसाल मी भलत्याच हत्याराची माफी मागितली. तुम्ही गाडीवर हात ठेवून म्हणायचात, "तुह्याकडे ध्यान देल्लं नाई बाई," आणि तिला परत वर ठेवायचात. मला वाटायचं, तुम्ही बंद इंजिनाचा लळा लागलेले भोळे आहात.

गेल्या वर्षी घरात सण नव्हता. तुम्हाला जाऊन वर्ष झालं नव्हतं. खंडेनवमीला गाडी माळ्यावरच राहिली, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा मी दोन घास खाल्ले होते. का ते माझं मलाच कळेना.

म्हणून या उन्हाळ्यात माळ्यावर चढले. गाडीशेजारी तुमचा बिस्किटांचा डबा होता. आत स्क्रू, जुना प्लग, साडीची ती टोपी, आणि रुईत गुंडाळलेला एक कोरा पिस्टन, रिंगांसकट. पाकिटावर हैदराबादच्या दुकानाचा शिक्का. मी तो घेऊन आईपुढे गेले.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्या बापानं आनला होता. तू कालेजात गेली त्या साली."

"मग बसवला काऊन नाई?"

"तुही वाट पाहून राह्यले होते. त्यायले त्याच दिवशी समजलं होतं व. टाकीचा वास घेतला, अन् झाकण लावून देल्लं. मी मनलं, पोरीले इचारा तं खरं. तं म्हने, 'तिले सांगू दे. तिनं सांगतलं का दोघं मिळून इंजिन उघडू. खंडेनवमी तं दरसाल येते.'"

मला आधी लाज वाटली, मग तुमचा राग आला. खरंच आला बाबा. एवढी वाट पाहायची? एक थोबाडीत दिली असती, "काऊन टाकलं साधं पेट्रोल?" म्हणाला असतात, तर मी रडले असते आणि संध्याकाळपर्यंत विषय संपला असता. तुम्हाला काय वाटलं, खंडेनवम्या कधी संपणारच नाहीत?

गाडी घेऊन मी भीमपूरला गणपतभाऊंकडे गेले. फवारणीचे पंप दुरुस्त करतात ते. शेजारच्या बाकावर चार शेतकरी पंप घेऊन बसले होते, त्यांच्यात मी ही एवढी मोठी खेळण्यातली गाडी घेऊन. कुणी हसलं नाही. एकाने झाकण काढून पाहिलं आणि म्हणाला, "आपल्या पंपाचंच इंजिन हाय की."

गणपतभाऊंनी सिलिंडर खोलला. मी सांगून टाकलं, साध्या पेट्रोलने जाम झालंय, मीच केलंय, नवा पिस्टन सोबत आणलाय. परक्या माणसापुढे किती सहज तोंडातून निघालं!

त्यांनी पिस्टन उजेडात धरला, फिरवून पाहिला. "ताई, हे जाम झालंच नोतं."

"म्हणजे?"

"दोन ओरखडे हायत बारीक. वेळेवर बंद पडली म्हणून वाचली. जाम झाला तो दोरीचा खटका. आतली स्प्रिंग मोडून फसली हाय. कोनं वढली एवढ्या जोरानं?"

मी हसायला लागले. हसता हसता रडायलाच लागले, चारचौघांत. गणपतभाऊंनी पंखा माझ्याकडे वळवला.

बाबा, तुमच्यासारखा फिटर! जिनिंगची यंत्रं नुसत्या आवाजावर ओळखणारा माणूस! इंजिनाचं मागचं चक्र एकदा हाताने फिरवून पाहिलं असतंत तरी कळलं असतं, की इंजिन मोकळं आहे. पण तुम्ही माझ्याशिवाय ते उघडायचं नाही असं ठरवून बसलात, आणि तुम्ही उघडू नये म्हणून मी गप्प बसले. स्प्रिंगच्या एका तुकड्यासाठी ती पेद्द बंडी तेवीस वर्षं माळ्यावर. याला काय म्हणावं? आई म्हणते, "बाप तशी लेक." शिवी आहे की कौतुक, ते ती सांगत नाही.

बाकीचं काम मी केलं. कार्बुरेटरमधला रबरी पडदा कडक झाला होता, तो पंपाचाच बसला. नळ्या बदलल्या. तुमचा लांब अँटेनावाला रिमोट आतले सेल फुटून कुजला होता, त्याच्या जागी नवा आणला, पण जुना टाकला नाही. तुमच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना हात लावला नाही, त्या अजून सरळ आहेत. साडीची टोपी धुवून परत चढवली.

रविवारी जिनिंगच्या चौकीदाराने फाटक उघडून दिलं. हंगाम नाही, आवार रिकामं, कुंपणाला मागच्या सालची रुई चिकटलेली. आई खुर्ची टाकून सावलीत बसली. मी चार झाकणं तेल मोजलं, दोनदा मोजलं. सुरू झाली तेव्हा आधी निळा धूर आला, आणि तेलाचा तो वास. तुमच्या शर्टाला यायचा तोच. आईने पदर नाकाला लावला, आणि बराच वेळ काढला नाही.

रिमोट पुरता माझ्या हातात होता. दहा मिनिटं चालवली. बोटांवर कुणाची बोटं नव्हती, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मग तासभर पुसली.

खंडेनवमीला अजून काही महिने आहेत. शब्द देते, की त्या दिवशी आईसमोर गाडीवर हात ठेवून मोठ्याने सांगेन. ओरखडे दोनच असले तरी पेट्रोल साधंच होतं. तुमचा कोरा पिस्टन मी बसवलेला नाही. तो पूजेत गाडीशेजारी मांडीन, त्याच रुईत गुंडाळून. आणि तुम्ही विचारायचात तो प्रश्न यंदा आईने मला विचारायचा, असं आमचं ठरलं आहे.

तुमची,
जिने तेल टाकलं नव्हतं ती,
मनी