सावनीच्या जागी मी पेरूला गेलो

प्लेनो, टेक्सास
२२ जून २००६

ती. मालिनीताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (आठ दिवसांच्या प्रवासात कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकणं झालं तेवढं गोड मानून घे.) तुझा मोतीबिंदू काढलेला डोळा आता स्वच्छ बघत असेल, आणि जे दिसतं आहे त्याने तुझी फार निराशा होत नसेल, अशी आशा करतो. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने पाण्याची टाकी ओसंडू देणं थांबवलं का? सुमित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू रोज तिच्याकडे चक्कर मारतेस, हे तिने फोनवर सांगितलं. तुझे उपकार फेडायचे म्हटले तर मला आणखी एक जन्म घ्यावा लागेल, आणि त्याही जन्मी तू थोरलीच असणार.

मी पेरूला जाऊन आलो. हे तुझ्या कानावर आलं असेल, पण नीट आलं नसावं. मी सुमित्राला फोनवर म्हटलं, 'आम्ही पेरूला चाललोय,' तर ती म्हणाली, 'तुम्हाला चालतो, पण बिया काढून खा.' कॉलिंग कार्डाची मिनिटं संपत आली होती, म्हणून मी 'बरं' म्हणालो. (तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाची ही बायको.) तर हा पेरू म्हणजे देश. राजधानी लिमा. नागपुरातल्या निदान दोन हजार मुलांकडून मी ते पाठ करून घेतलं, आणि स्वतः तिथे पाऊल ठेवीन असं एकदाही मनात आलं नाही.

झालं असं. तुला ठाऊकच आहे, सुमित्राने मला इकडे पाठवलं ते 'सत्यजित फोनवर नीट बोलत नाही, तुम्ही बघून या' म्हणून. विमानतळावर तो एकटाच आला. सावनी कुठे, विचारलं तर म्हणाला, कॅलिफोर्नियात प्रोजेक्टवर आहे. घर मोठं, चार झोपायच्या खोल्या, पण कपाटाची अर्धी बाजू मोकळी. हॅंगर तेवढे लटकलेले. फ्रीजमध्ये लोणच्याच्या तीन बाटल्या, त्यावर तिच्या अक्षरात 'कैरी', 'लिंबू', 'बाबांसाठी, कमी तिखट'. प्रोजेक्टवर जाणारी बाई हिवाळ्याचे कोटसुद्धा घेऊन जाते का, असं मला वाटलं. पण बापाने काय विचारावं आणि काय विचारू नये, याचं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही. मी लोणचं खाल्लं. महिन्याभराने तो म्हणाला, 'बाबा, मी आणि सावनीने पेरूची टूर बुक केली होती. तिला सुट्टी नाही मिळत. आता कॅन्सल होत नाही. तुम्ही येता?'

मी गेलो. सुनेच्या जागी. ही गोष्ट सत्यजित टूरवाल्यांना कळवायला विसरला. लिमाच्या विमानतळावर पाटी घेऊन उभी असलेली आमची गाइड एल्विरा (गोल चेहऱ्याची, हसरी, थेट आपल्या शेजारच्या सुवर्णासारखी) पाटी आणि माझ्या मिशा आळीपाळीने बघत राहिली, कारण पाटीवर त्यांच्या भाषेत 'श्री. व सौ. बोकारे' असं लिहिलेलं होतं. तिथून बसने चार तास समुद्राकाठचं वाळवंट. दुपारी हॉटेलात पोचलो. दार उघडलं तर खोलीत एकच पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम आणि मधोमध टॉवेलांचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले. लग्नाचा दहावा वाढदिवस म्हणून सत्यजितने कित्येक महिन्यांपूर्वी सांगून ठेवलं होतं. तो दारातच उभा राहिला, पाठीवरची सॅकही काढेना. मी म्हटलं, आधी आंघोळ करतो, आणि एक हंस उचलून आत गेलो. बाहेर आलो तेव्हा पाकळ्या सगळ्या कचऱ्याच्या डब्यात होत्या आणि दुसऱ्या हंसाची घडी घालून तो खुर्चीवर ठेवलेला होता. घडी फार नीट घातलेली होती, ताई. तो लहानपणी रुमालाची घालायचा तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरबोटीतून बेटांवर. (बेटांवर म्हणजे बेटांभोवती. उतरू देत नाहीत, तिथे पक्ष्यांचं राज्य आहे.) खडकांवर शेकडो समुद्रसिंह पसरलेले, आणि त्यांचा तो ओरडा ऐकून मला आमच्या शाळेची मधली सुट्टी आठवली. धोतर सावरत चालल्यासारखे चालणारे पेंग्विन. आणि पक्षी तर इतके, की बेटाचा मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये. त्यांच्या शिटेचं खत होतं, ते एके काळी जगभर जात असे, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगत आलो. एल्विरा हातातली यादी बघून सत्यजितला इंग्रजीत म्हणाली, मिसेस बोकारे नाही आल्या? बरं नाही का त्यांना? बोटीच्या आवाजात तिला ऐकू जावं म्हणून तो मोठ्याने बोलला, 'शी इज नॉट माय वाइफ एनी मोअर.'

मी पेंग्विनांकडे बघत राहिलो. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? बातमीचं नव्हे, बातमी मला रिकाम्या हॅंगरांनी आधीच सांगितली होती. माझ्या मुलाने ती एका परक्या बाईला आधी सांगितली, याचं. आणि बरोबर त्याच वेळी, तीस वर्षं ज्याच्यावर मी व्याख्यानं दिली तो पदार्थ वरून थेट माझ्या माकडटोपीवर पडला. सगळी बोट हसली. एल्विरा म्हणाली, हे शुभ असतं. सत्यजितने माझी टोपी काढून घेतली आणि टिश्यूने पुसायला लागला. ती स्वच्छ झाली तरी पुसतच होता.

पुढचे तीन दिवस बस. रात्रीचे मुक्काम वगळले तरी दिवसाचे आठ-आठ तास. वाळवंट, मग घाट, मग त्याहून उंच घाट. मला सगळीकडे भात आणि उकडलेला बटाटा मिळाला (बटाट्याचं मूळ गाव हेच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?). डोंगरावर हवा विरळ, डोकं ठणकायचं, तेव्हा ते लोक कसल्याशा पाल्याचा चहा देतात. आम्ही बापलेक तो चहा पीत, डोंगर किती छान, रस्ता किती छान, असं बोलत राहिलो. मी ऐकलं नाही असं त्याने दाखवायचं, आणि मी ऐकलं नाही असं मीही दाखवायचं. इतकं सभ्य मी माझ्या व्याह्यांशीही कधी वागलो नव्हतो.

शेवटी माचू पिचू. इंकांचं डोंगरावरचं ओसाड गाव. एल्विरा सांगत होती की हे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेत. मला वाटलं, इथे संसाराबद्दल काहीतरी चांगलं वाक्य सुचेल, पण मला दम लागला होता. शंभरेक पायऱ्यांनंतर मी एका भिंतीशी बसलो, टोपी काढून मांडीवर ठेवली. बाकीचे पुढे गेले. सत्यजित माझ्याजवळ बसला.

मी म्हणालो, 'बोटीत बोललास ते मी ऐकलं.'

तो म्हणाला, 'माहीत आहे बाबा. म्हणूनच तिथे बोललो. तुमच्याकडे बघून मला सांगता येत नव्हतं.'

मग त्याने सांगितलं. भांडण नाही, तंटा नाही. मूल व्हावं म्हणून चार वर्षं डॉक्टर केले, इंजेक्शनं, तारखा, सगळं. आपल्याला कुणाला कळू दिलं नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. 'शेवटी आम्ही एकमेकांकडे बघितलं की आम्हाला हॉस्पिटलच दिसायचं,' म्हणाला. फेब्रुवारीत कागद झाले.

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, 'अरे, पण मार्चमध्ये तिने आईच्या गुडघ्याचा पट्टा पाठवला होता!'

'हो. मला विचारूनच पाठवला.'

'मग ती आता मला काय म्हणणार? बाबा, का एकनाथकाका?'

ताई, छत्तीस वर्षांचा मुलगा आहे. पण त्याने गुडघ्यांत डोकं घातलं आणि तो रडला. मी पाठीवरून हात फिरवत होतो, तेवढ्यात मागून एक लामा आला. (उंटाचा गरीब चुलतभाऊ समज.) त्याने माझ्या मांडीवरची टोपी, तू विणलेली, तोंडात धरली आणि निघाला. आम्ही दोघे ओरडत मागे धावलो, तीन पायऱ्यांतच श्वास संपला, आणि पुन्हा खाली बसलो. सत्यजित म्हणाला, 'सोडा बाबा, नेऊ दे.' तो हसत होता का अजून रडत होता, मला सांगता येणार नाही. माझंही तेच चाललं होतं.

परत येऊन चार दिवस झाले. ऊन इथेही नागपूरसारखंच आहे. प्रकृतीला जप.

तुझा,
एकनाथ

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो, वर लिहायचा धीर झाला नाही. सुमित्राला हे काही ठाऊक नाही. दर रविवारी फोनवर सावनीला ती विचारायची, 'काय गं, काही बातमी?' कौतुकानेच विचारायची. पण आता कळल्यावर प्रत्येक रविवार आठवून स्वतःला बोल लावत बसेल. मला फोनवर ते जमणार नाही. तू सांगशील का? तू सांगितलेलं ती ऐकते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सत्यजित ऑफिसातून आला. काय लिहिलंत, म्हणाला. मी देऊन टाकलं. बूटही न काढता उभ्यानेच वाचलं. लामापाशी हसला. शेवटाशी आल्यावर म्हणाला, 'आत्याने का सांगायचं? मी सांगतो.' इथे संध्याकाळचे साडेसात, म्हणजे तिकडे सकाळचे सहा. कार्डावरचा लांबलचक नंबर त्याने दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा लागला. 'आई, चहा झाला का?' एवढं ऐकून मी स्वयंपाकघरात आलो आणि हे लिहितो आहे. बाहेरून त्याचा आवाज अजून येतो आहे. अधूनमधून बराच वेळ येत नाही, तेव्हा ती बोलत असणार.

तेव्हा तुला आता काही सांगायचं नाही. पत्र पोचेल तोवर दहा-बारा दिवस झालेले असतील. तू नुसती जाऊन तिच्याजवळ बस. तिने विषय काढला नाही, तर तूही काढू नकोस.