पाटीची डावी बाजू

११ ऑक्टो. ९४, मंगळ.
गुरुजींच्या गणपतीच्या तसबिरीला सागवानी चौकट. पुढच्या गुरुवारी हवी. दादा जेवताना म्हणाला, "हिचा कोपरा उघडला तर तुझं रंधा-पुराण बंद. हत्यारांची पेटी विकून टाकतो, दुकानात अल्युमिनियमच्या रेडीमेड फ्रेम." मागची उघडली, कारण त्याने ओलं लाकूड आणलं होतं. ते तो मोजत नाही.
आप्पा ताक पीत राहिले. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी रंधा सोडला, बोलणंही.

१३ ऑक्टो., खंडेनवमी
रंधे, पटाश्या, करवत, पट्ट्यांची टोकं तासायची आजोबांच्या वेळची लाकडी पाटी, सगळं धुऊन-पुसून मांडलं. हळदकुंकू, झेंडू. आज हत्याराला हात लावायचा नाही, हे आप्पांनी मला अक्षरांच्या आधी शिकवलं.
संध्याकाळी निरांजन लावायला गेले तर पाटीखाली ताजी ढलपी. झेंडू बाजूला सारलेला. मी नव्हे, आप्पा नव्हेत.

१४ ऑक्टो., दसरा
सोनं देतानाच दादाने सांगितलं. चौकातून कोन तपासायचा नवा गुनिया आणला, पाटीवरच्या ठोकळ्याला लावून पाहिला. डावी बाजू वाकडी. काल रंधा मारून "सीधी कर दी."
"आप्पा, जन्मभर वाकड्या पाटीवर काम केलंत की!"
आप्पा म्हणाले, "असेल."
दादाचा राग आलाच. पण त्या 'असेल'चा जास्त.

१५ ऑक्टो.
चौकटीच्या पट्ट्या कापल्या. पाटीवरच्या तिकोनी ठोकळ्याला पट्टी टेकवायची, रंधा कुशीवर पाडून सरकवायचा, अर्ध्या काटकोनाचं तिरकं टोक साफ करायचं. एक पट्टी ठोकळ्याच्या डाव्या बाजूला, तिची जोडीदार उजव्या. आप्पांचा नियम. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
तीन कोपरे घट्ट बसले. चौथ्याने तोंड वासलं.
पुन्हा केलं. पुन्हा चौथा.
दादा दारात. "विश्वकर्मा की बिटिया! भुसा नि सरस भर, पॉलिश मार. गुरुजी काय दुर्बीण लावणारेत?"
भरणार नाही.

१६ ऑक्टो., रवि.
रात्रभर मनात चौथा कोपरा. माझाच हात चुकतोय का? पहाटे गुनिया उजव्या बाजूलाही लावून पाहिला. तीही वाकडी! जेवढी डावी एकीकडे होती म्हणे, तेवढीच ही दुसरीकडे.
म्हणजे दोन्ही मिळून काटकोन पुरा होत होता. म्हणूनच एक डावीला, एक उजवीला. आप्पांच्या चौकटी बरोबरच होत्या. दादाने जोडीतली एकच बाजू सरळ केली आणि काटकोन मोडला.
त्याला सांगितलं. "म्हणजे दोन चुका मिळून सही? वाह मॅडम, अकल बाँट रही हैं." उजवीही मग सरळ करू दे, म्हटलं. नाही. "उजवीला रंधा लावलास तर पाटी गंगेत." त्याला पाटी नकोच आहे. चौकट उघडायला हवी आहे.

१७ ऑक्टो.
रंधा लावायचा नाही ना? डाव्या बाजूच्या एका टोकाला कागदाची पट्टी चिकटवली, भाताच्या शितांनी. जुन्या पंचांगाचं पान फाडायला हात धजेना, साबणाचं वेष्टन घेतलं. जेवढं दादाने काढलं तेवढं परत, थर वाढवत, अंदाजाने. लपवून. चोरी केल्यासारखं.

१८ ऑक्टो.
चारही कोपरे बसले. चौकट खिडकीपाशी धरली, कुठूनही उजेड नाही.
दादा: "बघितलंत आप्पा? पाटी सरळ केली तेव्हा कुठे बसली."
गप्प राहिले असते तर पेटी वाचली असती, बहुतेक. राहवलं नाही. म्हटलं, "कागद लावलाय. तुझं सरळ मी परत वाकडं केलंय." त्याने नखाने कागद खरवडून फाडला. "चीटिंग!" चौकट उचलून आपटणारच होता.
आप्पांनी ती काढून घेतली. प्रत्येक कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. हात थरथरत होता, नख कुठे अडकलं नाही.
मग दादापुढे हात केला. "पेटीची किल्ली."
दादाने दिली. मला वाटलं, माझ्या हातात देतील... पण त्यांनी ती जानव्याला बांधली.

२० ऑक्टो., गुरु.
चौकट दिली. गुरुजींनी गणपती पाहिला, कोपरे नाही. "छान हो!" दादा पायऱ्यांवर त्यांना सांगत होता, "पाटीच आधी सरळ करून घेतली मी." गुरुजींना कार्तिकीच्या आत आणखी एक हवी आहे, दत्ताची.
पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकाला आकाशदीप चढायला लागलेत. खाली सगळे वर बघतात.
आल्यावर आप्पांना विचारलं, "उजवी बाजूही सरळ करू, की डावीला पुन्हा कागद लावू?"
"दादाला विचार."
"तुमच्या चौकटी बरोबर होत्या, आप्पा."
ते खाटेवर पडलेले. कूस बदलली, तेव्हा किल्ली खाटेच्या दांड्याला लागून वाजली.
दादाला विचारणार नाही. लाकूड मात्र आजच निवडून ठेवलं, कोरडं.