डावीकडे ओढणारं विमान

प्रिय माय,

तुला जाऊन परवा वर्ष झालं. तुझ्या लेकानं, रमेशनं घरी सगळं रीतीनं केलं, मीही दोन दिवस नागपूरला येऊन गेले. पाहुणे, स्वयंपाक, रडारड, सगळं झालं. पण जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. आज ऑफिसात एक गोष्ट घडली आणि आता तुझ्याशी बोलल्याशिवाय मला घास उतरणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे इंजिनियरिंगची मुलं प्रकल्पासाठी येतात. त्यांनी बनवलेली, आपली आपण उडणारी छोटी विमानं आम्ही तपासून देतो. आज एक पोरगी आली होती. तिनं सहा वेळा विमान हातानं सोडलं आणि सहाही वेळा ते सरळ गेलं. मी मागे उभी होते. दर वेळी तिचं मनगट जरासं उजवीकडे झुकत होतं. मी विचारलं, "काहून झुकवून राहिली?" इतक्या वर्षांनी तोंडातून आपली बोली निघाली बघ. ती गोंधळून म्हणाली, "मॅडम, मी कुठे झुकवते?" तिला खरंच माहीत नव्हतं. मी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

कॉलेजातलं आमचं विमान आठवतं ना तुला? तुझ्या दोन हातांएवढे पंख, वर रेशमी कापड, नाकाशी तेलाचं छोटंसं इंजिन. आत बॅटरीवर गरगर फिरणारी पितळी चकती. विमान भलतीकडे वळायला लागलं की त्या चकतीच्या जोरावर शेपटीची पट्टी हलणार आणि ते आपोआप सरळ होणार. ना दोरी, ना रेडिओ, ना माणसाचा हात. हाच तर सगळा प्रकल्प होता. कागदावर तरी ते झकास चालत होतं.

आणि तू त्यात आलीस कशी? चार पोरांबरोबर पोरगी एकटी सकाळी सकाळी विमान उडवायला हुडकेश्वरच्या माळावर जाणार, हे तुला पटेना. बाबा काही बोलले नाहीत, तूच पदर खोचून रिक्षात बसलीस. मला इतकी लाज वाटली! वर्गात आधीच मी एकटी मुलगी, त्यात आईला घेऊन फिरणारी. पण तू डब्यातून कच्चा चिवडा काढलास आणि पोरं दोन मिनिटांत तुझी झाली. मग ती विमान धसमुसळेपणानं फेकतात हे पाहून तू उठलीस. "असं नाही गा, इकडे द्या." सारी उमर कांड्या भरून, मागावर धागा सांभाळून तुझा हात असा हलका झाला होता की विमान तुझ्या बोटांतून कधी सुटलं ते कळायचंही नाही. त्या दिवसापासून सोडणारी तूच.

पहिल्याच खेपेनंतर तू मला सांगितलंस, "शालू, हे डावीकडे वढते वं." मी काय म्हणाले? "तू गप्प राह्य माय, तुले नाही समजत. ते आपलं आपण सरळ होते." पोरं हसली. तूही हसलीस. हसलीस कशाला गं? एक ठेवून द्यायची होतीस माझ्या गालावर.

त्यानंतर आमचं विमान सूतभरही वाकडं गेलं नाही. माळाच्या टोकाला रोवलेल्या दोन बांबूंमधून रोज बरोब्बर जायचं. मी वहीत वारा लिहिला, तेल लिहिलं, वेळ लिहिली. प्रकल्पाचे सर तर खूश. पुढच्या शिक्षणासाठी दक्षिणेतल्या एका संस्थेकडे माझी शिफारस करणार होते, फक्त परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर विमान एकदा उडायला हवं होतं. माझं आयुष्य त्या एका खेपेवर होतं आणि मी अगदी निश्चिंत होते.

परीक्षकांनी आदल्या दिवशीच कळवलं होतं, ज्यानं या यंत्राला कधी हात लावला नाही त्यानं ते सोडायचं. म्हणून कॉलेजचा चपराशी ठरला, आणि ते मी तुला घरी सांगितलंही होतं. परीक्षेच्या दिवशी तो विमान हातात घेऊन सगळ्यांदेखत मला म्हणाला, "ताई, तुमची माय सकाळी सांगून गेली, जरा उजवीकडे झुकवून सोडजा. कितीक झुकवू?"

परीक्षकांनी त्याला सरळ सोडायला सांगितलं. विमान निघालं, डावीकडे वळलं, वळतच गेलं आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटलं. परीक्षक शांतपणे म्हणाले, "हे आपोआप उडत नव्हतं. याला कोणीतरी उडवत होतं." शिफारस तिथंच संपली.

घरी येऊन मी जे केलं ते तुला माहीत आहे. तरी आज लिहिते, कारण मी ते कोणाजवळही कबूल केलेलं नाही. शेजारपाजार ऐकेल इतक्या जोरात मी ओरडले, तू माझं वाटोळं केलंस, तुला कोणी सांगितलं होतं माझ्या वस्तूंना हात लावायला? तू चुलीशी बसली होतीस. म्हणालीस, "म्या तुले सांगतलं होतं बाई. तू नाही ऐकलं. मंग ते पडलं असतं तर तुले वाईट वाटलं असतं, म्हणून जरासं सांभाळून घेतलं." एवढंच. रडली नाहीस, भांडली नाहीस.

पण दुसऱ्या दिवसापासून तू विचारायला लागलीस. माझी वही खाली पडली तरी, माझी साडी वाळत घालायची असली तरी, "हात लावू का वं?" टोमणा नव्हता गं तो. टोमणा असता तर मी भांडून मोकळी झाले असते. तू खरोखर परवानगी मागत होतीस, आणि मी "लाव" म्हणून पुढे जात होते.

विमान उघडून पाहिलं तेव्हा चकतीची बैठकच तिरकी निघाली, पुठ्ठ्याच्या जाडीइतकी. दोष पहिल्या दिवसापासून होता. पुढच्या वर्षी दुरुस्त केलं, पास झाले, जागा मिळाली, नोकरी लागली. सगळं मिळालं मला. वर्षभर उशिरानं, पण मिळालं. तुझी माफी मागायला तेवढी सवड झाली नाही. रागीट आणि हट्टी मी तुझ्यावरच गेले म्हणायचीस तू. मग तुझं ते सांभाळून घेणं का नाही आलं माझ्यात?

दवाखान्यात शेवटी मी तुझे केस विंचरत होते, तेव्हा तू माझ्या हातावरचं घड्याळ बघत होतीस. बोट पुढे केलंस आणि विचारलंस, "हात लावू का?" माय, तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी नुसतं घड्याळ काढून तुझ्या हातात दिलं.

आज त्या पोरीला मी रागावले नाही. तिच्याजवळ बसून विचारलं, सोडताना हाताला काय जाणवतं? ती विचार करून म्हणाली, "डावीकडे थोडं जड वाटतं." तुला विचारायला हवा होता तो प्रश्न मी दुसऱ्याच्या लेकीला विचारला.

सर अजून त्याच कॉलेजात आहेत. त्यांच्या कपाटात माझा अहवाल आहे आणि त्यात लिहिलंय की विमान सोडणाऱ्याच्या चुकीच्या हाताळणीमुळे यंत्रातला दोष लपून राहिला. ते मी लिहिलंय, माझ्या सहीनिशी. उद्या मी सरांना पत्र टाकणार आहे की ते वाक्य खोटं आहे. यंत्रातला दोष पहिल्याच दिवशी, पहिल्याच खेपेला सापडला होता. तो माझ्या आईला, सुभद्राबाईला सापडला होता. लिहून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. हे पत्र अहवालाला जोडा असं सांगेन, आणि नाही जोडलं तर नागपूरला येऊन स्वतः चिकटवीन. हा शब्द आहे माझा.

माझं चुकलं वं माय.

तुझी,
शालू