नस मोकळी निघाली

३ नोव्हें., सोम.
तीन-तीन गोळ्या खाऊनही ह्यांचं बी.पी. खाली यायला तयार नाही. नांदेडचे किडनीचे डॉक्टर म्हणाले, क्रिएटिनिन भराभर चढतंय, एक किडनी लहान दिसते. कदाचित किडनीला रक्त नेणारी नस अरुंद झाली असेल. तसं असेल तर ती आतून उघडता येते, किडनी थोडी सावरू शकते. म्हणून डॉपलर करायचं. सोनोग्राफीच, पण रक्त कसं वाहतंय ते दिसतं.
म्हणजे नस अरुंद निघालेली बरी. नवऱ्याचं काहीतरी बिघडलेलं निघावं म्हणून आस लावून बसलेली बायको मी एकटीच असेन.

४ नोव्हें.
सासूबाईंना समजेल तसं सांगितलं. निम्मं ऐकलं आणि तडक नागनाथाच्या देवळात. नवस बोलूनच परत आल्या. "नस मोकळी निघू दे, अभिषेक घालीन म्हटलं." मी म्हटलं, आई, अहो उलटं... तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. राहिलं ते राहिलंच.
हे देवळात लोकांचे अभिषेक करतात, म्हणून ह्यांनाच विचारलं, बोललेला नवस बदलता येतो का? हसले. "तुझ्या तहसीलमधला अर्ज हाय का तो, दुरुस्ती करायला?"

६ नोव्हें., गुरु.
डॉपलर झालं. उपाशीपोटी नेलं होतं, चेहरा एवढासा. मला आत उभं राहू दिलं. पोटाला, कुशीला गार जेल. श्वास धरा, सोडा. पुन्हा धरा. रुद्र म्हणताना ह्यांचा दम कधी तुटत नाही, आज जरा वेळ श्वास धरवेना. मशीनमधून धुणं आपटल्यासारखा आवाज. पडद्यावर लाल-निळं. मी मनात म्हणत होते, अडू दे, कुठंतरी अडू दे. लाज वाटली. तरी म्हणत होते.
"मोठ्या नसा दोन्हीकडे मोकळ्या आहेत," डॉक्टर म्हणाले. ह्यांनी जेल पुसत पुसत आईला फोन लावला.

७ नोव्हें.
रिपोर्ट घेऊन नांदेड. किडनीचे डॉ. म्हणाले, मोठ्या नसेत अडथळा असता तर प्रयत्न करून बघता आला असता. इथे दोष किडनीच्या आतच आहे, बारीक नसांत रक्त शिरायलाच त्रास होतोय. तिथे उघडण्यासारखं काही नाही. पुढे डायलिसिस लागणार. त्यासाठी डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे छोटं ऑपरेशन करून दोन नसांची जोडणी, आत्ताच करून ठेवा, तयार व्हायला वेळ लागतो. वीस तारखेला या.
एस.टी.नं परत. आमचं औंढा आल्यावर हे म्हणाले, "आईला काई सांगू नको."

१० नोव्हें., सोम.
अभिषेक झाला. दुसऱ्या गुरुजींनी केला, हे यजमान म्हणून पाटावर. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दिसेल त्याला सांगत होत्या, "माझ्या लेकराची नस मोकळी निघाली." पेढे मीच वाटले. लोक म्हणाले, देव पावला. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

१६ नोव्हें.
फिस्टुलाचा विषय काढला. हे म्हणाले, "रिपोर्ट तर चांगला आला. काहून हात चिरून घ्यायचा?" सगळं माहीत असून. सासूबाई लगेच, "व्हय की. धडधाकट माणसाला काहून तकलीफ?" हे माझ्याकडे न बघता उठून गेले. इतका राग आला की पोळी करपली. पण रागावू कुणावर? घाबरलेत.

१९ नोव्हें., बुध.
उद्या नांदेड. हे येतो म्हणत नाहीत, न्हाई पण म्हणत नाहीत.
दुपारी हे देवळात असताना सासूबाईंना सगळं सांगितलं. नीट, उलगडून. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हंजे म्या मागितलं तेच देवानं दिलं."
मी म्हटलं, आई, नस आधीपासून तशीच होती, तुमच्या मागण्यानं काही झालं नाही. त्यांना ते पटलं नाही. उठल्या, पायात चपला घातल्या आणि दारात थांबल्या.
"आता तूच सांग. बराबर काय मागू?"
काय सांगणार? किडनी बरी होऊ दे? ती होणार नाही. डायलिसिस लांबू दे? हात चिरायला उद्या ह्यांनी हो म्हणू दे?
त्या वाट बघत उभ्या होत्या.