चपलांची पिशवी

पनवेल, गुरुवार संध्याकाळ

उरणच्या म्हाताऱ्या नाखवांना व्हेंटिलेटर लावायचा का, हे आज मी त्यांच्या मुलाला विचारलं, तेही सगळ्या काका-मामांच्या देखत. चारचौघांत कुठला मुलगा नको म्हणेल? "लावा," म्हणाला. हातात बापाच्या चपलांची पिशवी. नाखवा आता उठणार नाहीत, हे मला माहीत होतं. मीच सांगायला हवं होतं. त्याच्या गळ्यात टाकून मोकळा झालो. डॉक्टर म्हणे.

नंतर तो एकटाच केबिनच्या दारात आला. "डॉक्टर, बाबांच्या चपला हितं ठेवू, का घरी नेऊ?"

काय विचारतोय, ते कळलं होतं. तरी म्हणालो, "असू द्या इथेच."

निघताना पाहिलं. आयसीयूच्या दाराशी चपला जोडीने मांडल्या होत्या, बाहेर पडताना पाय सहज सरकावे अशा.