साबणाचा रकाना

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुमच्या कारखान्याचा अहवाल आज पाठवला. जुन्या फर्निचरचा रंग उतरवताना बायकांच्या कातडीला थिनर किती लागतो, याचा माझा अंदाज 'अत्यल्प' असा आला. थिनर टिपून घ्यायला मनगटावर आणि हातमोज्यांच्या आत लावलेल्या कापडी पट्ट्या जवळजवळ कोऱ्या निघाल्या. साहेब खूश आहेत, बढतीचं बोलत होते.

तुला पट्ट्या लावल्या नाहीत म्हणून फुगून बसू नकोस. सख्ख्या बहिणीचं माप घेतलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. तू मात्र चहासुद्धा नको म्हणालीस, हात ॲप्रनच्या खिशातून निघतील तर शपथ. भाचीला पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

२० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

अक्षर तुझ्या भाचीचं आहे, दचकू नकोस. माझ्या बोटांना भेगा पडल्यात, पेन धरवत नाही. मी भरभर सांगते म्हणून बाईसाहेब माझ्यावरच डाफरताहेत.

तुला सांगणार नव्हते, पण आता लपवून काय करू? तू येणार कळल्यावर मीच सगळ्यांना बजावलं होतं, माझा भाऊ येतोय, नवे हातमोजे घाला, नीट वागा. एरवी आम्ही घालत नाही. रंग पुरता उतरला की नाही, ते उघड्या बोटांनी चाचपल्याशिवाय कळत नाही. सुटताना हातही थिनरनेच पुसतो, साबणाने डाग निघत नाहीत. तुझी मान ताठ राहावी एवढंच मनात होतं. हौस नडली माझी.

परवा मालकांकडे दुसरं काम मागायला गेले. त्यांनी तुझा अहवाल पुढे ठेवला. म्हणाले, हा त्रास घरच्या धुण्याभांड्यांचा, इथला नव्हे. खाली तुझी सही पाहिली आणि तशीच घरी आले. तुला दोष देत नाही रे. पण माझ्या शेजारच्या दोघींचे हातही खाजायला लागलेत, त्यांना मी काय तोंड दाखवू?

जेवणाची आबाळ करू नकोस. माया असू दे.

तुझी ताई

२७ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार करायलाही लाज वाटते, तरी करतो.

हातमोजे तू घालायला लावलेस, पण माझे डोळे तर उघडे होते. आमच्या फॉर्मात एक रकाना असतो, काम संपल्यावर हात कशाने धुतात. मी कुणालाही न विचारता 'साबण' लिहिलं. लहानपणी तू माझे हात साबणाने खसाखसा घासायचीस. तू आहेस तिथे दुसरं काही वापरत असतील, हे डोक्यातच आलं नाही. नळापाशी थिनरचा डबा दिसला होता. ब्रशसाठी असेल म्हणून पुढे गेलो.

अहवाल चुकीचा आहे, असं आज लेखी कळवलं. साहेब म्हणाले, स्वतःचीच चूक उकरून काढणाऱ्याला बढती मिळत नसते. नाही तर नाही. पुन्हा मोजायला येतोय, पण दिवस तुलाही सांगणार नाही. तू मात्र उद्यापासून कामावर जाऊ नकोस, घराचं मी बघतो.

नव्या अहवालात पहिली नोंद तुझी असेल. तिला पट्टी लागणार नाही. घरी येऊन तुझे हात समोर घेईन आणि दिसेल ते लिहीन. त्या दिवशी खिशातून हात काढ एवढं जरी मी म्हटलं असतं, तरी कळलं असतं गं.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. जमला तर ठेव.

तुझा धाकटा